संगणकीय आज्ञावलीतील संज्ञाकरण आणि देवनागरी अक्षर

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन मराठी वाक्प्रचारांत अंतर आहे ते अवघ्या एका मात्रेचे. पहिल्याचा रूढ अर्थ नामकरण, दुसऱ्याचा दोषारोप. प्रस्तुत लेखात दोन्ही गोष्टी करावयाच्या आहेत. संगणकाच्या आज्ञावलीत वस्तूंना नावे कशी ठेवावीत याविषयी काही सुचवावयाचे आहे, आणि ती नावे ज्या साधनांतून पार व्हावी लागतात त्या साधनांना नावेही ठेवावयाची आहेत. ती एक मात्रा आजची काही साधने कशी गाळून टाकतात हे पुढे ओघाने येईलच.

वाङ्मयाच्या अभ्यासकांसाठी असलेल्या नियतकालिकात हा विषय कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, भारतीय भाषांच्या अभ्यासकाला आता आज्ञावलीशी असलेला संबंध टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. शब्दसूची, पाठभेदांची तुलना, एखाद्या कवीच्या शब्दयोजनेची गणना, कोशाची उभारणी ही कामे आज संगणकावर होतात आणि त्यासाठी लागणाऱ्या लहानमोठ्या आज्ञावली पुष्कळदा आपलेच विद्यार्थी लिहितात. अशा प्रत्येक आज्ञावलीत शेकडो नावे असतात. कोष्टकाच्या स्तंभांना, मधल्या फलितांना आणि पुनःपुन्हा लागणाऱ्या क्रियांना लिहिणाऱ्याने ती दिलेली असतात. यंत्राला नावाचा अर्थ कळत नाही, तेव्हा कोणतेही नाव चालते, असे सामान्यतः समजले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. यंत्राला अर्थ कळत नाही हे खरे. पण कोणतेही नाव चालते हे खरे नव्हे. कोणत्या चिन्हांना अक्षर म्हणावयाचे याविषयी प्रत्येक साधनाची काही एक समजूत असते, आणि त्या समजुतीत जे बसत नाही ते नाव ते साधन नाकारते, तोडते किंवा छाटते.

या गोष्टीला इतिहास आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा सिद्ध केली. तिच्यात नावाला सहा अक्षरांची मर्यादा होती. शिवाय आयपासून एनपर्यंतच्या रोमन अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, इतर अक्षरांनी सुरू होणारे अपूर्णांकाचे, असा संकेत भाषेतच गोवलेला होता. पुढे सी भाषेचे १९८९ सालचे प्रमाणक तयार झाले, तेव्हाही एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये दिसावयाच्या नावांची पहिली सहा अक्षरेच हमखास जमेस धरली जातील, इतकीच हमी देता आली. कॅपिटल आणि लहान अक्षर वेगळे मानले जाईल याचीही हमी नव्हती. याचे कारण भाषेत नव्हते. वेगवेगळे तुकडे जोडून एक आज्ञावली बनविणारी त्या काळची लिंकर नावाची साधने तेवढीच अक्षरे पाहत. १९९९ च्या प्रमाणकाने ही मर्यादा एकतीसवर नेली. सांगण्याचा मुद्दा हा की, ज्या मर्यादा एका पिढीला निसर्गनियमासारख्या वाटल्या त्या वस्तुतः साधनांच्या उणिवा होत्या, आणि वापरणाऱ्यांनी त्या उणिवा मानल्या तेव्हाच त्या दूर झाल्या.

संज्ञाकरणाचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दोन प्रकारच्या संज्ञा आढळतात. टि, घु, भ यांसारख्या संज्ञा एकाक्षरी आहेत. त्यांना स्वतःचा अर्थ नाही, लाघव एवढेच त्यांचे प्रयोजन. याउलट सर्वनाम, अव्यय, प्रातिपदिक या संज्ञा लांब आहेत. अर्धी मात्रा वाचविण्यात धन्यता मानणाऱ्या परंपरेत एवढी लांब संज्ञा का करावी, असा प्रश्न टीकाकारांना पडला. आणि पतंजलींपासून चालत आलेले त्याचे उत्तर असे की, ही संज्ञा अन्वर्थ आहे. तिच्या घटकांचा अर्थही शास्त्रात उपयोगी पडावा म्हणून ती मुद्दाम मोठी केली आहे. आज्ञावली लिहिणाराही नेमका हाच विवेक करतो. दोन ओळींपुरत्या गणकाला तो एकाक्षरी नाव देतो. जी वस्तू पुढच्या वाचकाला समजली पाहिजे तिला अन्वर्थ नाव देतो. प्रश्न उरतो तो हा की, मराठीविषयीच्या आज्ञावलीत अन्वर्थ नाव कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत अन्वर्थ ठरेल?

सध्याचे सर्वसाधारण उत्तर इंग्रजी हे आहे. सोय म्हणून ते समजण्याजोगेही आहे. पण शास्त्रीय संज्ञेच्या बाबतीत ही सोय महाग पडते. एक उदाहरण घेऊ. मराठी व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग मानतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांचे विस्तृत विवेचन आहे. विद्यार्थी आज्ञावली लिहावयास बसला की प्रयोगाच्या स्तंभाला तो ‘व्हॉइस’ असे नाव देतो आणि कर्मणीच्या जागी ‘पॅसिव्ह’ ही खूण लावतो. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून परंपरेने ते कर्मणी. परंतु इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता जसा मागे सारला जातो तसे येथे काही झालेले नाही. सकर्मक क्रियापदाचे हे भूतकाळातील अगदी साधे वाक्य आहे. स्तंभाचे नाव एकदा बदलले की पुढची सगळी गणना त्या नावाच्या मागे जाते. मराठी कथात्म गद्यात पॅसिव्हचे प्रमाण असामान्य आहे असा निष्कर्ष निघतो, तो निबंधात येतो, आणि त्या निबंधावरून दुसरा निबंध होतो. चूक गणनेत नव्हती, नावात होती. ‘सामान्यरूप’ या संज्ञेचेही तेच. ‘घोडा’ शब्दाचे प्रत्ययापूर्वी ‘घोड्या’ होते हे सांगणारी ही संज्ञा मराठी व्याकरणाने आपल्या गरजेतून घडविली आहे. तिच्या जागी परकी संज्ञा घातली की त्या संज्ञेबरोबर परक्या भाषेची रूपव्यवस्थाही आत येते.

यावर एक मधला मार्ग सुचविला जातो. संज्ञा मराठी ठेवावी, पण रोमन अक्षरांत लिहावी. हा मार्ग वरवर निर्वेध दिसतो, परंतु त्यावर थोडे चालून पाहिले की ठेचा लागू लागतात. खुणांवाचून लिहिलेल्या साध्या रोमन लेखनात कला, कळा, काला, काळा हे चारही शब्द एकाच रूपात येतात. मला, माला, मळा, माळा यांचीही तीच गत. ल आणि ळ यांतील, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील भेद दाखविणे हाच ज्या आज्ञावलीचा हेतू, तिच्या स्वतःच्या नावांतून तेच भेद पुसलेले असतात. शिवाय एकच संज्ञा तिघे तीन प्रकारे लिहितात, आणि मग एकाच्या आज्ञावलीतील ‘विभक्ती’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. ‘पद’ ही संज्ञा साध्या रोमन अक्षरांत लिहिली तर इंग्रजीतील ‘पॅड’ या शब्दाशी तिचे रूप तंतोतंत जुळते; आणि मजकुराच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा भरण्याच्या क्रियेला आज्ञावलीत नेमके तेच नाव असते. वाचणाऱ्याने काय समजावे?

विद्वानांच्या लिप्यंतर-पद्धतींनी ही संदिग्धता टाळली आहे, पण त्यासाठी त्यांनी जो उपाय योजला तो आज्ञावलीच्या दुनियेत दुसऱ्याच ठिकाणी आड येतो. हार्वर्ड-क्योटो पद्धतीत लहान ‘टी’ म्हणजे त आणि कॅपिटल ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘ए’ म्हणजे अ आणि कॅपिटल ‘ए’ म्हणजे आ. कानपूरच्या आयआयटीत रूढ झालेल्या आणि आपल्याकडील भाषासंगणनात पुष्कळ वापरल्या गेलेल्या डब्ल्यूएक्स पद्धतीतही कॅपिटल अक्षर अर्थभेदक आहे; तेथे त साठी ‘डब्ल्यू’ आणि द साठी ‘एक्स’ येतो. या पद्धतीने ‘मत’ आणि ‘मात’ या दोन शब्दांच्या नोंदी दोन फाइलींत ठेवल्या, तर त्यांच्या नावांत फरक राहतो तो फक्त लहान आणि कॅपिटल अक्षराचा. विंडोज आणि मॅक या प्रणालींत फाइलव्यवस्था मुळात हा फरक मानीत नाही. दुसरी फाइल साठविताना पहिलीवर ती लिहिली जाण्याचा धोका उभा राहतो. ज्या परंपरेत कॅपिटल अक्षर हे केवळ शोभेचे किंवा आदराचे, त्या परंपरेच्या साधनांवर आपण वर्णभेदाचा भार टाकला, याचा हा परिणाम आहे.

मग सरळ देवनागरीतच लिहावे, तर तेथे काय होते? प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देवनागरीत नावे ठेवणे आज पुष्कळ भाषांत शक्य आहे. जावा भाषेने १९९६ सालच्या आपल्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमधील अक्षरांची नावे स्वीकारली. पायथन भाषेत मार्टिन फॉन लोविस यांनी २००७ साली मांडलेला प्रस्ताव मान्य होऊन २००८ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही मुभा आली. रस्ट भाषेने ती २०२१ साली दिली. युनिकोडच्या एकतिसाव्या प्रमाण-परिशिष्टात नावाच्या आरंभी कोणती चिन्हे यावीत आणि पुढे कोणती यावीत याचे नियम दिले आहेत. मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही आरंभी नाही, पण पुढे चालतात. आपल्या लिपीच्या दृष्टीने हा नियम यथार्थ आहे. मात्रेने शब्द सुरू होत नाही हे आपल्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते.

परंतु सर्वांनी हा नियम पाळला नाही. गूगल कंपनीत घडलेली गो ही भाषा २००९ साली जाहीर झाली. तिचा नियम असा की, नावात युनिकोडने ‘अक्षर’ किंवा ‘अंक’ म्हणून वर्गीकृत केलेलीच चिन्हे यावीत. युनिकोडच्या वर्गीकरणात क, ख, ग ही अक्षरे आहेत, अ, आ, इ हीही अक्षरे आहेत. पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही ‘जोडचिन्हे’ आहेत. परिणामी गो भाषेत ‘घर’ हे नाव चालते, ‘नाव’ हे नाव चालत नाही. ‘पद’ चालते, ‘शब्द’ चालत नाही. ‘वचन’ चालते, ‘लिंग’ आणि ‘विभक्ती’ चालत नाहीत. ‘रस’ चालतो, ‘अर्थ’ चालत नाही. जोडचिन्हे हेतुपुरस्सर वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिपी बाहेर राहतात, हे त्या भाषेच्या कर्त्यांनी आपल्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचे नाव घेऊन मान्य केले आहे. हा प्रामाणिकपणा दाद देण्यासारखा आहे. तथापि या भाषेच्या कर्त्यांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे दोघे म्हणजे, ज्या यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीमुळे जगातील लिपी आज संगणकांत एकत्र नांदतात, तिचे १९९२ मधील जनक होत, हे लक्षात आले म्हणजे मन थोडे खट्टू झाल्याशिवाय राहत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्ताची आठवण व्हावी. प्रियेने ओठाला दंश केल्यामुळे तो आपली सगळी कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. मोरोपंतांनीही निरोष्ठ रामायण रचले. पण ते कवीने आपण होऊन घातलेले बंधन होते, आणि त्या बंधनातून पार पडण्यात त्याचे कौशल्य दिसे. काना-मात्रा-वेलांटीशिवाय मराठीचे व्याकरण लिहून दाखवा, अशी अट यंत्राने घालावी आणि आपण ती मुकाट्याने मानावी, यात कौशल्याचा संबंध नाही.

याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. रोमन ‘ए’वर आडवी रेघ देऊन दीर्घ आ दाखविण्याची जी पाश्चात्य प्राच्यविद्येतील पद्धत, तिच्यातील ते रेघयुक्त अक्षर युनिकोडमध्ये एक संपूर्ण अक्षर म्हणून नोंदलेले आहे. त्यामुळे गो भाषेला ते चालते. म्हणजे आपल्या दीर्घ स्वराची परकी खूण अक्षर ठरते आणि त्याच स्वराचा आपला काना अक्षर ठरत नाही. असे कोणी दुष्टपणाने केले असे म्हणावयाचे नाही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आपल्याकडील १९८८ च्या इस्की संकेतावरून घेतलेली आहे आणि मात्रा स्वतंत्र खूण म्हणून नोंदण्यात तांत्रिक सोय होती. दोष नोंदणीत नाही. ‘अक्षर म्हणजे एक सुटे चिन्ह’ या रोमन लिपीच्या कल्पनेला सर्व लिपींचे लक्षण समजण्यात तो आहे. आपल्याकडे ‘अक्षर’ म्हणजे मात्रेसह, जोडाक्षरासह उच्चारला जाणारा घटक. छंदःशास्त्रापासून बाराखडीपर्यंत हीच कल्पना आहे.

कॅपिटल अक्षराचा प्रश्न याला जोडूनच येतो. गो भाषेत एखादी वस्तू आपल्या विभागाबाहेर इतरांना दिसावी असे वाटत असेल तर तिचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. तेव्हा ‘वचन’ हे मात्राहीन नाव कसेबसे आत आले तरी ते बाहेरच्याला दिसू शकत नाही. दिसावे म्हणून त्याच्यापुढे एखादे रोमन कॅपिटल अक्षर चिकटवावे लागते. हॅस्केलसारख्या भाषेतही प्रकारांची नावे कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हावी लागतात. एका लिपीतील लेखनाचा शिष्टाचार येथे भाषेचे व्याकरण होऊन बसला आहे.

आता समजा, भाषेने नाव स्वीकारले. तरीही काम संपत नाही, कारण आज्ञावली एकट्या भाषेवर चालत नाही. शोधणारी, रंगवून दाखविणारी, साठविणारी अशी अनेक साधने तिच्या भोवती असतात. पायथन भाषेत ‘मराठी’ हे नाव निर्वेध चालते. पण त्याच भाषेबरोबर येणाऱ्या आकृतिबंध-शोधाच्या प्रमाण साधनाला ‘शब्दातील अक्षर’ या खुणेने मजकुरातील शब्द वेगळे करावयास सांगितले, तर ‘मराठी’ या शब्दाचे ते दोन तुकडे करते. पहिला ‘मर’ आणि दुसरा ‘ठ’. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाहीत. ‘नाव’ आणि ‘नावे’ या दोहोंचेही ते ‘न’ आणि ‘व’ असे सारखेच तुकडे करते. लेखाच्या आरंभी जो एका मात्रेचा भेद सांगितला तो येथे उरत नाही. ज्या विद्यार्थ्याने एखाद्या कादंबरीतील शब्दांची वारंवारता या मार्गाने मोजली असेल त्याने शब्द मोजलेलेच नाहीत. त्याने शब्दांचे अवशेष मोजले आहेत. पर्यायी साधने उपलब्ध आहेत आणि ती हे काम नीट करतात; पण पर्याय शोधण्याची गरज आहे हे आधी कळावयास हवे.

साठवणुकीच्या साधनांचा प्रकार याच्या उलट आहे. पोस्टग्रेस या विख्यात विदागाराला देवनागरी नावे चालतात, कारण रोमनेतर चिन्हांची ते फारशी चौकशीच करीत नाही. मात्र नावाची मर्यादा ६३ बाइट एवढी आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो की मात्रा, ३ बाइट लागतात. समजा, एका कोष्टकात ‘संबोधन_विभक्ती_प्रत्यय_एकवचन’ आणि ‘संबोधन_विभक्ती_प्रत्यय_अनेकवचन’ असे दोन स्तंभ हवे आहेत. ‘संबोधन’मध्ये ६ चिन्हे, ‘विभक्ती’मध्ये ७, ‘प्रत्यय’मध्ये ७, एकूण २० चिन्हांचे ६० बाइट आणि तीन अधोरेषांचे ३. बरोबर ६३ झाले. पुढचा भाग, म्हणजे ज्या एकवचन-अनेकवचन भेदासाठी ही दोन नावे केली तो भेदच, छाटला जातो आणि दोन्ही नावे एक होतात. इंग्रजीत याच अर्थाची नावे ३० बाइटांच्या आत बसतात. फोरट्रानची सहा अक्षरे इतिहासजमा झाली असे आपण समजत होतो. आपल्यापुरती ती पुरती गेलेली नाहीत.

मराठीचा असा एक खास प्रश्नही सांगितला पाहिजे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन; ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद तर आपण शाळेत शिकतो. यातील दुसऱ्या प्रकारचा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एक तर नुक्ता असलेल्या ऱ या अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पायथनला पहिली रीत चालते, दुसरीत ते चूक दाखविते. जावास्क्रिप्टला दोन्ही चालतात, पण ती त्यांना दोन वेगळी नावे समजते. डोळ्यांना एक दिसणारे नाव यंत्राला दोन वाटावे आणि चूक कोठे आहे हे डोळे फोडूनही सापडू नये, अशी ही अवस्था आहे.

यावर गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप या नियतकालिकाच्या वाचकांनाच सुचेल. मराठी अभ्यासकाने देवनागरीत नावे दिली तर तमिळ किंवा बंगाली सहकाऱ्याने ती आज्ञावली कशी वाचावी? पायथनच्या शैलीसंकेतातही प्रमाण ग्रंथालयातील नावे साध्या रोमन अक्षरांतच असावीत, शक्य तेथे इंग्रजी शब्द घ्यावेत, आणि जगभरच्या वाचकांसाठी असलेल्या इतर प्रकल्पांनीही हेच धोरण ठेवावे असे सुचविले आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सारखी दिसणारी पण वेगळी असलेली आणि न दिसणारी चिन्हे वापरून आज्ञावलीत घातपात दडविता येतो, हे २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, आणि तेव्हापासून अनेक साधने रोमनेतर चिन्हांकडे अधिक संशयाने पाहू लागली. हा संशयही निराधार नाही.

माझे म्हणणे म्हणूनच सर्व आज्ञावली मराठीत लिहाव्यात असे नाही. आज्ञावलीतील नावांचे दोन वर्ग करावेत. फाइल उघडणे, ओळी मोजणे, यादी लावणे ही सांगाड्याची कामे आहेत. त्यांची नावे इंग्रजीत राहिली तर काही बिघडत नाही, आणि सहकाऱ्यालाही ती कळतात. परंतु प्रयोग, सामान्यरूप, ओवी, अभंग, पाठभेद या शास्त्राच्या संज्ञा आहेत. त्या त्यांच्या मूळ नावाने आणि मूळ लिपीत याव्यात. तमिळ सहकाऱ्याला ‘कर्मणी’ हे नाव वाचता येणार नाही, ही अडचण खरी. पण ‘पॅसिव्ह’ हे नाव वाचून त्याचा जो गैरसमज होईल तो अधिक हानिकारक आहे, कारण तेथे आपल्याला काही कळले नाही हेच त्याला कळणार नाही. त्याच्यासाठी प्रत्येक आज्ञावलीसोबत एक संज्ञासूची द्यावी. तीत देवनागरी रूप, खुणांसह शास्त्रीय रोमन रूप आणि ती संज्ञा कोणत्या व्याकरणातून कोणत्या अर्थाने घेतली याचा एका वाक्यात निर्देश असावा. ग्रंथाच्या संपादनात आपण संक्षेपसूची देतोच. आज्ञावलीला तो नियम लागू करण्यात नवीन असे काही नाही.

लेखनाचे संकेतही ठरवावे लागतील. नुक्ता असलेल्या ऱ चीच रीत सर्वांनी पाळावी आणि नावात अदृश्य चिन्हे येऊ देऊ नयेत. शब्द वेगळे करण्यासाठी अधोरेषा वापरावी. एकाच नावात रोमन आणि देवनागरी यांची सरमिसळ करू नये. सुरक्षिततेच्या आक्षेपाला निम्मे उत्तर एवढ्याने मिळते. लांब नावात भेदक शब्द आरंभी घ्यावा. ‘एकवचन_संबोधन_प्रत्यय’ असे लिहिले तर छाटणाऱ्या साधनाच्या तावडीतूनही भेद वाचतो. हे सगळे संकेत एका विभागाच्या एका बैठकीत ठरू शकतात.

आणि साधन हाती घेण्यापूर्वी ते पारखावे. त्यासाठी चार शब्द पुरेत. ‘नावे’, ‘शब्द’, ‘लिंग’ आणि ‘दऱ्या’. मात्रा, जोडाक्षर, अनुस्वार आणि मराठीचा विशिष्ट र यांची परीक्षा त्यांत होते. जे साधन या चार शब्दांना धक्का लावते त्यावर आधारलेली मराठीविषयीची कोणतीही गणना ग्राह्य मानू नये. प्रबंधाचे परीक्षक हस्तलिखिताची पोथी कोणती, पाठ कोणता, हे विचारतात. तसेच शब्द कोणत्या साधनाने वेगळे केले आणि या चार शब्दांचे त्याने काय केले, हेही विचारू लागावे. दोष आढळला तर तो साधनाच्या कर्त्यांना कळवावा. यांतील बहुतेक साधनांचे दोष उघडपणे नोंदविण्याची सोय आहे आणि ती नोंद करण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. काना हा शब्दाचा भाग आहे हे अधिकाराने सांगणारा माणूस संगणकाच्या विभागात नसेल, तो भाषेच्या विभागात आहे. त्याने ते सांगितले नाही, तर विद्यार्थ्यांच्या कोष्टकांत ‘मर’ आणि ‘ठ’ यांची मोजदाद चालूच राहील.